एकदाच मारलेली हाक

आमच्या गल्लीत येणारे प्रवासी दोन जातींचे. एक समोर बघणारे आणि दुसरे वर बघणारे.

समोर बघणारे माझ्या वाट्याला येतात. अत्तारीन भागात, ट्रॅमच्या रुळांपासून जरा आत, माझं इस्त्रीचं दुकान आहे आणि मी अजूनही बापासारखाच तोंडात पाणी धरून कपड्यावर फवारा मारतो. एवढंच बघायला हे लोक समुद्र ओलांडून आलेत की काय असं वाटावं, इतके फोटो काढतात. कॅमेरा सरसावला की "परत एकदा" अशी खूण करतात. मग मीही गाल फुगवून परत फवारतो आणि कुण्या बिचाऱ्या गिऱ्हाइकाचा सदरा विनाकारण दुप्पट भिजतो.

वर बघणारे माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते समोरच्या फुटपाथवर दिव्याच्या खांबापाशी उभे राहतात, मान मागे टाकतात आणि बाल्कन्या शोधत बसतात. बहुतेक म्हातारे. कोणी ग्रीक, कोणी इटालियन, कोणी ज्यू, कोणी शामकडचे, म्हणजे सीरिया-लेबनॉनचे. जन्म इथला, अलेक्झांड्रियातला. मग दिवस फिरले, एकेक घर बंद होत गेलं आणि माणसं बोटीत बसून निघून गेली. आता ती पर्यटक म्हणून येतात, गळ्यात जहाजाचं कार्ड लटकवून, आपलंच घर बघायला. बाकीची बस किल्ल्याकडे जाते आणि ही मधेच सटकून आमच्याकडे येतात. त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. म्हणून मी इस्त्रीकडे बघतो.

आणि वर चौथ्या मजल्यावर त्यांची वाट बघत उम्म हमदी बसलेली असते.

तिचं नाव इन्साफ. पण मुलगा झाल्यापासून आख्ख्या गल्लीला ती उम्म हमदी, म्हणजे हमदीची आई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. बाल्कनीत शिवणयंत्र मांडून बसते, गुडघे गेलेत, खाली उतरायचं जिवावर येतं, म्हणून भाजीपासून इस्त्रीच्या कपड्यांपर्यंत सगळं दोरीच्या टोपलीतून चालतं. टोपली सोडताना खाली कोण आहे हे बघायची पद्धत तिच्यात नाही.

"अगं ए उम्म हमदी, माझ्या डोक्यावर उतरवतेस का काय!"

"डोकं बाजूला घे, उस्ता बयूमी. टोपलीला काही झालं तर दुसरी मिळायची नाही मला."

असं आमचं रोजचं, वर कारागिराचा मान म्हणून 'उस्ता' म्हणायचं. पण फुटपाथवर वर बघणारं कोणी दिसलं की हिचं यंत्र थांबलंच म्हणून समजा. कठड्यावर वाकून ती हाक मारणार, "या! वर या! चहा घ्यायला या!" ग्रीक, इटालियन, फ्रेंच अशा तिन्ही भाषांत, आणि तिन्ही मोडक्यातोडक्या. चौथ्या मजल्याचंच घर शोधत आलेला असो की शेजारच्या इमारतीतलं, तिला फरक पडत नसे. वर आलेल्याला बसवायची, खाऊ घालायची आणि चहा ओतता ओतता हळूच विचारायची, "तुम्ही ग्रीक? मग थालिया माहीत असेल तुम्हाला. मादाम देस्पिनाची थालिया?"

जणू सगळे ग्रीक एकाच चाळीत राहतात.

ही थालिया कोण, ते सांगायला हवं. इन्साफचे वडील ट्रॅमवर कंडक्टर, घर तिसऱ्या मजल्यावर. थालियाचे वडील कापसाच्या पेढीत कारकून, घर बरोबर वर, चौथ्यावर. दोघी एका वयाच्या. पण ओळख झाली ती रडण्यातून.

आमच्याकडे पहिलं बोलावणं मोजायचं नसतं. कोणी "या" म्हटलं की छातीवर हात ठेवायचा, मान जरा लववायची आणि "नको, सुखी राहा" म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हटलं तरी तेच. तिसऱ्यांदा शपथ घालून, दंडाला धरून बोलावलं, की मग आत जायचं. एकदाच बोलावून जो गप्प बसतो त्याचं ते तोंडदेखलं. त्याला आम्ही नावाड्याचं आमंत्रण म्हणतो. नदीच्या मधोमध होडीत भाकरी मोडणारा नावाडी काठावरच्या माणसाला ओरडतो, "या जेवायला!" त्याला पक्कं ठाऊक असतं, हा काही पोहत येत नाही.

लहानग्या इन्साफला आईने एकदा आशुराच्या, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या, खिरीचा वाडगा घेऊन वर पाठवलं. तिथे मादाम देस्पिना पाकातले गोळे तळत होत्या. "घेशील?" त्यांनी विचारलं. इन्साफने शिकवल्याप्रमाणे छातीवर हात ठेवला आणि "नको" म्हणाली. झालं. मादामनी बशी उचलून फळीवर ठेवून दिली. पोर जरा वेळ उभी राहिली, मग जिन्यात बसून तिने असा गळा काढला की खाली माझा बाप इस्त्री टाकून धावला. मागोमाग वरून थालिया आली.

"अगं मग नको कशाला म्हणालीस?"

"नको म्हणायचंच असतं! तुम्ही परत विचारायचं असतं! तीनदा!"

थालियाने ते असं काही मनावर घेतलं की पुढे तिच्याइतका आग्रह आमच्या बायकांनाही जमत नसे. त्या दोघींचा तो खेळच झाला. इन्साफ शाळेतून आली की घरात न शिरता समोर खांबापाशी उभी राहायची. चौथ्या मजल्यावरून थालिया ओरडायची, "इन्साफ, वर ये!" ही छातीवर हात ठेवून मान हलवायची. "इन्साफ, ये ना वर!" परत नाही. मग थालिया कठड्यावर अर्धी लोंबकळत बेंबीच्या देठापासून किंचाळायची, "तुला मरियमची शपथ, आल्याशिवाय जाऊ द्यायची नाही!" की ही रस्ता न बघता सुसाट पळत सुटायची. घोडागाडीवाले शिव्या घालायचे. मी तेव्हा बापाच्या हाताखाली कोळसे फुंकत होतो, मीही घालायचो.

पेढ्या आणि कारखाने सरकारजमा झाले त्या साली थालियाच्या वडिलांचं काम गेलं. घरातलं सामान विकता विकता भिंती रिकाम्या झाल्या आणि एका सकाळी ती माणसं निघाली. थालिया तेव्हा सोळा-सतराची असेल. गाडीत बसताना ती इन्साफला म्हणाली, "मी येईन. तू तीनदा बोलव, मी येईन." दोघी हसायला गेल्या आणि भलतंच झालं. ग्रीसमधल्या पिरियसहून काही दिवस पत्रं आली. मग ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं असं कोणीतरी सांगितलं आणि पत्रं थांबली.

इन्साफचं लग्न ठरलं तेव्हा तिने एकच अट घातली. घर घ्यायचं ते चौथ्या मजल्यावरचंच. नवरा मुलगा भला होता, पण म्हणाला, "अगं तळमजल्यावर रिकामं आहे, नळाला पाणी येतं, जिने नकोत." ही ऐकेना. बाप ओरडला, आई रडली. शेवटी हिने तोंड उघडलं.

"ती येईल. तेव्हा तिच्या घराचं दार कुण्या परक्याने उघडायचं?"

अशी ती त्या घरात गेली. मादामचं अवजड कपाट दारातून निघत नव्हतं म्हणून तिथेच राहिलेलं, ते हिने कधी हलवलं नाही. त्या घरात हमदी झाला, त्या घरातून नवऱ्याचा जनाजा उतरला. आणि मधल्या सगळ्या वर्षांत तिने खांबापाशी उभ्या राहिलेल्या एकालाही हाक मारल्यावाचून सोडलं नाही. माणूस एवढी वर्षं कोणाची वाट बघू शकतो, हे मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर हसलो असतो. तसा तोंडावर हसलोच आहे कितीदा. मनातून मला तिचा हेवा वाटायचा. मला कोणाची वाट बघायचीच नव्हती.

आता प्रवाशांचं. सगळेच काही नीट वागत नसत. एक इटालियन म्हातारा वर गेला आणि स्वयंपाकघरातला नळ धरून रडत बसला. त्याचं घर हे नव्हेच, पलीकडच्या गल्लीतलं होतं, पण नळ तसाच होता म्हणे. एक बाई आली ती कपाटाला हात लावून "हे विकता का?" विचारू लागली. आणि एक फ्रेंच जोडपं. उम्म हमदीने हाक मारली, त्यांनी "नको, नको" म्हणत हात हलवले. तिने दुसऱ्यांदा मारली, ते दोन पावलं मागे सरले. तिसऱ्यांदा ही गुडघे धरत चार मजले उतरून खाली आली, शपथ घातली आणि त्या बाईचा दंड धरला. बाई किंचाळली. नवऱ्याने पिशवी पोटाशी घट्ट धरली आणि दोघं ट्रॅमच्या दिशेने अशी पळाली की विचारू नका. हातात बाईचा स्कार्फ घेऊन उम्म हमदी रस्त्यात उभी.

त्या संध्याकाळी हमदी चिडला. तो बंदरावर प्रवाशांच्या बसगाड्यांचं काम बघतो, त्याला या लोकांची नस ठाऊक.

"आई, या लोकांचं नाही म्हणजे नाही असतं. परत परत विचारलं की त्यांना वाटतं आपण काहीतरी गळ्यात मारतोय. किंवा लुबाडतोय."

"चहात कसलं लुबाडणं?"

"तुला नाही कळायचं. एकदा विचार. आले तर आले. नाही म्हणाले तर सोडून दे."

मीही खालून री ओढली, "हमदी बरोबर बोलतोय गं. उद्या पोलीस येतील तुझ्या चहापायी."

तिला ते लागलं. पण कळलंही. त्या दिवसापासून ती एकदाच हाक मारू लागली. कोणी हात हलवून नको म्हटलं की हसायची, हात हलवायची, परत यंत्रावर. प्रवासी खूश, हमदी खूश. मला मात्र गल्ली उगाच शांत वाटायची.

मग ती बाई आली. वसंत संपून उन्हं चढू लागली होती, बंदरात मोठं पांढरं जहाज लागलेलं. मी आत आजोबांच्या वेळच्या पायाने दाबायच्या इस्त्रीशी झटत होतो. एका लग्नाचे जाड झगे आले होते. बाहेर नजर टाकली तर खांबापाशी एक म्हातारी, पाठमोरी. रुंद हॅट, काळा चष्मा, पांढरे कापडी बूट. वरून हाक आली, "या! मादाम, वर या!" तेवढ्यात ट्रॅम खडखडत गेली. म्हातारी वर बघत होती. तिने छातीवर हात ठेवला, मान लववली. वर उम्म हमदीने हात हलवला असणार, कारण यंत्राचा आवाज परत सुरू झाला.

म्हातारी हलली नाही. उभीच राहिली. हात छातीवरच. मला वाटलं, उन्हाने चक्कर येतेय का हिला? पाणी द्यावं म्हणून पाय इस्त्रीवरून काढेपर्यंत बसचा भोंगा वाजला, आणि ती हळूहळू कोपऱ्यावरून वळून गेली.

संध्याकाळी टोपली खाली आली, कपडे न्यायला. मी कपडे ठेवले आणि टोपली वर जायला लागली तसा सहज ओरडलो,

"उम्म हमदी, आता गोरे लोकही आपल्यासारखं नको म्हणायला शिकले बघ! ती दुपारची हॅटवाली, काय ठेक्यात छातीवर हात ठेवला तिने!"

टोपली अर्ध्यावर थांबली.

"काय केलं तिने?"

"छातीवर हात. आणि मान अशी... तू बघितलंस ना?"

"मला वाटलं हॅट सावरतेय." ती कठड्यावर वाकली. "बयूमी, किती वेळ उभी होती ती?"

मी तोंड उघडलं आणि तेव्हा कुठे माझ्याही डोक्यात उजेड पडला. खांब. हात. उभं राहणं. वरून दोरी सुटली आणि कपड्यांसकट टोपली रस्त्यात येऊन आपटली. तिने दोरी हातातून कधी सोडली नव्हती.

कुठून बळ आलं कोण जाणे, ती खाली उतरली, पायात घरातल्या सपाता. मी दुकान उघडं टाकून तिच्याबरोबर ट्रॅममध्ये चढलो. हमदी नेमका त्या दिवशी बसगाड्यांबरोबर बाहेरगावी. बंदराच्या फाटकाशी पहारेकऱ्याने अडवलं. "पास?"

"बाळा, माझी मैत्रीण आहे आत. फक्त एक निरोप दे. म्हणावं, इन्साफ परत बोलावतेय."

"कुठल्या जहाजावर, आजी?"

तिला पांढरं एवढंच माहीत होतं. तो पोरगा काही वाईट नव्हता. त्याने बोटाने दाखवलं. पांढरं जहाज धक्का सोडून लाटा अडवायच्या बांधाच्या पार गेलं होतं. उम्म हमदी कुंपणाची जाळी धरून उभी राहिली. "मादाम म्हटलं मी तिला," एवढंच ती म्हणत होती. "तिच्याच घरातून, तिला, मादाम म्हटलं."

परतताना मी तिला धीर द्यायला म्हणालो, ती नसेलही. कोणीतरी दुसरीच असेल. ती माझ्यावर ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पुढचं वर्ष वाईट गेलं. तिने हाक मारणंच सोडलं. यंत्र आत नेलं, बाल्कनीची झडप ओढून घेतली. प्रवासी येत, खांबापाशी उभे राहत, बंद झडपांकडे बघत आणि जात. टोपली उतरायची ती मुक्याने, आणि आधी खाली बघून. मी मुद्दाम तिच्या वाटेत डोकं घालून उभा राहायचो, तरी शिवी नाही.

आणि एका सकाळी एक तिशीतली बाई थेट माझ्याच दुकानात आली. एकटी, जहाजाचं कार्ड वगैरे काही नाही. "इस्त्रीवाला," ती आमच्या भाषेत म्हणाली, आणि मग बोट वर करून, "चौथा मजला?" तिला आमची भाषा येत होती ती अशी, पदार्थांची नावं, शिव्या आणि शपथा. बाकी ग्रीक.

"नाव काय बाळा तुझं?"

"देस्पिना."

मी इस्त्री उभी केली. त्यांच्यात नातीला आजीचं नाव ठेवतात. रस्त्यात जाऊन मी गळा फाटेस्तोवर ओरडलो, "इन्साफ!" उम्म हमदी नाही, इन्साफ. लहानपणानंतर पहिल्यांदा. झडप उघडली. तिने वरून मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खाली यायला निघाली.

मुलीने दुकानातल्या स्टुलावर बसून सांगितलं, आणि इन्साफने लहानपणीच्या ग्रीकमध्ये जेवढं कळलं तेवढं मला सांगितलं. तिची आई, थालिया, त्या हिवाळ्यात मेलबर्नला वारली. इथून परतली तेव्हा आजारी नव्हती, पण गप्प झाली होती.

"मी विचारायचे, तुझी मैत्रीण भेटली का? म्हणायची, बाल्कनीत होती. आमच्याच बाल्कनीत. तिने हाक मारली. मग मी म्हणायचे, हाक मारली तर गेली का नाहीस? तर म्हणायची, एकदाच मारली." मुलीने आमच्या दोघांकडे बघितलं. "हे तिने कितीदा सांगितलं मला. एकदाच मारली. मी विचारलं की म्हणायची, तू तिथे जन्मली नाहीस, तुला नाही कळणार. म्हणून मी आले. याचा अर्थ काय?"

इन्साफने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर धरलं. मी कपड्यांच्या ढिगाची उगाच उलथापालथ करत राहिलो. मलाही रडू येत होतं आणि इस्त्रीवाल्याने गिऱ्हाइकाच्या कपड्याला डोळे पुसू नयेत. मग ती उठली. मुलीचा हात धरून तिला रस्त्यापलीकडे नेलं, खांबापाशी उभं केलं, खांदे धरून तोंड वर केलं आणि मला म्हणाली, "बयूमी, हिला सांग." आणि एकेक पायरी कण्हत वर निघून गेली.

मी मुलीशेजारी जाऊन उभा राहिलो. चार मजले चढायला तिला किती वेळ लागला! शेवटी झडपा सताड उघडल्या आणि ती कठड्याशी आली.

"थालिया, वर ये!"

मुलगी निघालीच. मी तिची बाही धरली. "थांब. अजून नाही." तिचा हात उचलून तिच्या छातीवर ठेवला, माझी मान लववून दाखवली. तिने तसंच केलं. ते इतकं हुबेहूब झालं की मी नजर वळवली.

"थालिया, ये ना वर!"

या खेपेला तिला दाखवावं लागलं नाही. तिने हात छातीवर दाबून धरला होता आणि डोळ्यांतून धार लागली होती. फळवाला हातगाडी थांबवून बघत होता. समोरच्या बायका कठड्यांवर आल्या होत्या.

वरून तिसरी हाक येईना. इन्साफ कठडा धरून दम घेत होती. मला वाटलं, हिच्याने होत नाही आता. मग ती वाकली, पार अर्धी बाहेर, या वयात, आणि आख्ख्या अत्तारीनला ऐकू जाईल अशी ओरडली,

"तुला मरियमची शपथ, आल्याशिवाय जाऊ द्यायची नाही!"

"आता जा," मी म्हटलं.

ती रस्ता न बघता पळाली. फळवाल्याने शिवी घातली, आणि मी त्याला सांगितलं की गप बस.